नमुना सात, दिवाडी

नखाएवढा तुकडा. त्याहून मोठा काढायची
परवानगी नव्हती.
दिवाडीच्या कपेलात, वेदीच्या उजव्या कमानीवर
दोन चिऱ्यांना धरून बसलेली लोखंडी पकड,
तिच्या वाकड्या टोकाचा,
हॅकसॉच्या अर्ध्या पात्यानं काढलेला.
शिडी कायताननं धरली होती.
तुकडा पिशवीत पडला तसा म्हणाला,
दांत काडलो मगो ताचो.

फेरीबोटीत मी पिशवी मांडीवर ठेवली होती.
मांडवीतून खनिजाची एक बार्ज समुद्राकडे चालली होती,
पोट पाण्यात, पाठीवर लाल डोंगर.
मी तेव्हा नुसतीच पाहत राहिले.

प्रयोगशाळेत रेझिन ओतलं, रात्रभर ठेवलं,
सकाळी घासलं, खरखरीत कागदावर, मग मऊ,
मग हिऱ्याच्या पेस्टनं, माझी पापणी त्यात दिसेपर्यंत.

सूक्ष्मदर्शकाखाली चांगलं लोखंड पांढरं असतं.
त्यात मळीच्या काळ्या रेघा, सगळ्या एकाच दिशेला,
भाताच्या रोपांवरून वारा गेल्यासारख्या.
हे लोखंड कधी वितळलंच नव्हतं.
मऊ झालं, दुमडलं, ठोकलं, पुन्हा दुमडलं.
तीन घड्या मोजल्या.
तिसरी नीट बसलेली नाही.
केसभर फट.
भाता ओढणारं पोर पेंगलं असेल,
किंवा कोळसा ओला, किंवा कोणी हाक मारली
आणि त्यानं मान वळवली, एवढंच.
किती वर्षांपूर्वी, माहीत नाही. कोळशाची तारीख
अजून आलेली नाही.
पण गंज आत शिरलाय तो तिथूनच.

बाहेरून आत: आधी एक करडा थर,
दाट, पातळ, चिवट. हा चुन्याच्या काळातला.
चुना भोवती होता तोवर लोखंडाला घाई नव्हती.
मग एकदम रुंद, नारिंगी, भेगाळलेला पट्टा:
त्र्याहत्तर साली कोणीतरी चांगल्या मनानं
वरून सिमेंट थापलं, त्यानंतरचा.
भिंत आत घेतलेला वारा बाहेर सोडीना.
मीठ आतच राहिलं.
गंजाच्या अर्कात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकला,
दूध नासावं तसं पांढरं झालं.

गंजाला जागा लागते. लोखंडाच्या तिप्पट, कधी त्याहून जास्त.
ती तो मागत नाही. घेतो.
चिरा तडकला तो त्यामुळे, कमानीच्या वजनानं नाही.
हे मी अहवालात ठळक टाइपात लिहिलंय.

मग क्ष-किरणांचा आलेख.
गंजाची शिखरं आली: गोएथाइट, बरंचसं.
तुलनेसाठी चिऱ्याची पूड लावली,
आणि तीच शिखरं, त्याच जागी.
वाटलं, चिठ्ठ्या बदलल्या.
पुन्हा पूड केली, खलबत्ता धुऊन.
तेच.

चिरा म्हणजे तरी काय,
पावसांनी इतकी वर्षं धुतलेली जमीन,
बाकी सगळं वाहून गेल्यावर मागं राहिलेला गंज.
कोणीतरी तसल्याच दगडातून
कोळशाच्या आगीत लोखंड ओढून काढलं,
आणि त्याला सांगितलं, आता याच दगडाला धर.
त्यानं धरलं.
धरून धरून तो हळूहळू
दगडाच्याच भाषेवर आला.

शिफारस: सिमेंट काढावं. मीठ ओढून घ्यावं.
चुना भरावा. पकड बदलू नये.

कायतानचा फोन आला, आनी कितलीं वर्सां?
मी वर्षाला इतके मायक्रॉन असं सांगू लागले,
तो म्हणाला, म्हजे परस चड जाय, पुरो.
मग थोडं थांबून:
आनी तो दांत? केन्ना हाडटा गो?

त्याला कसं सांगू.
नमुना सात रेझिनमध्ये आहे, आरशासारखा,
ड्रॉवरमध्ये, सिलिका जेलच्या पुडीशेजारी.
वारा नाही, मीठ नाही, दमट नाही.
तेवढा एक तुकडा
आता घरी जाणार नाही.